इवल्या निवडुंगाचीं दुरंगी फुलें

घराजवळ काटेरी झाड नको, असा आपल्या वडील माणसांचा जुना दंडक आहे. कुंपणावर माजलेला फड्या निवडुंग पाहिला म्हणजे तो दंडक अगदींच अनाठायीं आहे असें म्हणवत नाहीं. तथापि त्या एका दांडग्या आप्तावरून सबंध कुळाची परीक्षा करणें हा अन्याय होय. दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशांत, अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील उंच रांगांवर, सल्कोरेबुशिया नांवाचे चिमुकले निवडुंग खडकांच्या फटींतून वाढतात. त्यांतील कित्येकांचा देह सुपारीहून फारसा मोठा नसतो. आणि त्याच्या कमरेशीं उमललेल्या फुलांनीं तो देहच झांकून जातो! सूक्रे शहराच्या बाजूला ताराबुको म्हणून गांव आहे; त्याचें नांव मिळालेल्या जातीचें फूल कडेनें तांबडें व गळ्याशीं पिवळें असतें. बीट तांबडें करणारें द्रव्य आणि ह्या पाकळ्यांचे रंग एकाच वर्गांतले होत. बाकेबर्ग ह्या जर्मन संशोधकानें १९५१ सालीं ह्या गटास हें नांव दिलें. त्यास स्वतंत्र मानावें कीं नाहीं, ह्याविषयीं पंडितांत वाद आहे. त्यांत आपण न पडलेलें बरें.

मला आग्रहानें सांगावयाचें तें निराळेंच आहे. हीं फुलें ज्यास हवीं असतील, त्यानें तीं बियांपासून मिळवावीं. बाजारांत पुष्कळदां निवडुंगाच्या माथ्यावर रंगविलेलीं वाळकीं फुलें डिंकानें चिकटवून विकतात, आणि आईबाप कौतुकानें तीं मुलांस घेऊन देतात. खरें फूल दिवसा उमलतें व सायंकाळीं मिटतें. हें बापडें रात्रंदिवस डोळे ताणून बसलेलें असतें! परंतु ह्या फसवणुकीहून वाईट गोष्ट म्हणजे रानांतून उपटून आणलेलीं झाडें. १९७५ सालीं अमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें निवडुंगांच्या व्यापारावर निर्बंध घातले आहेत. तरी २०१५ सालच्या एका जागतिक पाहणींत निवडुंगांच्या सुमारें ३१ टक्के जाती संकटांत असल्याचें आढळलें, आणि त्याच्या कारणांत हौशी लोकांची हांव हेंहि एक होतें. डोंगरावरील एका लहानशा उतारावर जी जात नांदते, ती थोड्याशा पोत्यांत भरून संपवितां येते.

कोणी म्हणेल, बियांपासून फूल येण्यास वर्षें लागतात. होय, बहुधा तीन-चार लागतात. पण इयत्ता पांचवींत पेरलेलें बीं आठवी-नववींत फुललें, तर त्यांत तोटा कोणाचा? जागेचीहि अडचण नाहीं. खिडकीच्या कट्ट्यावर दहा रोपें सहज राहतात. जाड वाळू व बारीक खडी अधिक, माती थोडी. मूळ कंदासारखें जाड असल्यामुळें कुंडी मात्र खोल हवी. हिवाळ्यांत पाणी जवळजवळ बंद करावें, कारण मायदेशीं त्यांचा हिंवाळा कोरडा व थंडच असतो, आणि त्या विश्रांतीवांचून कळ्या धरत नाहींत. म्हणून देशावरील थंड रात्री त्यांस मानवतील. कोंकणच्या दमट हवेंत त्यांचा निभाव लागणें कठीण. पावसाळ्यांत कुंडी छपराखालीं घ्यावी, नाहीं तर मूळ कुजतें.

एक गोष्ट मुलांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. ह्यांच्या बहुतेक झाडांत स्वतःच्या परागानें बीं धरत नाहीं, आणि एकाच झाडाचे फुटवे काढून दोन कुंड्या भरल्या तरी तें झाड एकच राहतें. ह्यास्तव निरनिराळ्या बियांचीं दोन रोपें पाहिजेत, व तीं एकाच वेळीं फुललीं पाहिजेत. म्हणजे शेजारच्या मित्राचें रोप मागून आणणें आलेंच! मग मऊ कुंचल्यानें एकाचे पराग दुसऱ्यावर लावावे. फळ इवलेंसें, देहाच्या बुडाशीं लपलेलें असतें. तें सुकून फुटण्यापूर्वीं बिया काढून घ्याव्या. त्यांतील कोणतें रोप दुरंगी फुलेल व कोणतें एकरंगी, हें पहिली कळी उमलेपर्यंत कोणासहि सांगतां येत नाहीं.