टोपीवरची रिकामी छिद्रे

अमरावतीच्या आमच्या एका स्नेह्यांकडे दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी ट्रंक खाली आली. तिच्यात आजोबांचा खाकी कोट आणि टोपी निघाली. आजोबा १९४२ साली महार पलटणीत भरती झाले आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुरुवातीला घरी परतले. टोपीवर बिल्ला मात्र नव्हता. नातवाने हौसेने बाजारातून एक चकचकीत बिल्ला आणून लावला. पुढे अकोल्याच्या एका जाणकाराने टोपी न्याहाळली आणि तो एवढेच म्हणाला, ‘‘बिल्ला यांच्या काळचा नाही.’’ आजोबांची लेक, आता सत्तरी ओलांडलेली, उसळून म्हणाली, ‘‘माह्या बापाची टोपी हाये बाप्पा, खोटी कशी राहीन?’’

खरे तर दोघांचेही बरोबर होते. टोपी अस्सल होती, बिल्ला नंतरचा होता.

महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता आणि ‘महार’ हा शब्द होता. १९४६ च्या ऑक्टोबरात तिची मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगना बिल्ल्यावर आल्या. स्तंभाच्या जागी खंजीर आला तो स्वातंत्र्यानंतर. नातवाने आणलेल्या बिल्ल्यावर मशीनगना होत्या आणि खंजीरही होता. १९४६ च्या आरंभीच घरी आलेल्या शिपायाच्या टोपीवर तो असणार कसा?

मुकुटाचेही असेच आहे. राजाच्या काळच्या मुकुटाचा माथा घुमटासारखा वर उचललेला असे. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात. ती गादीवर आली १९५२ साली आणि भारत प्रजासत्ताक झाला १९५० साली. तेव्हा ‘महायुद्धातला हिंदी सैन्याचा’ म्हणून कुणी राणीच्या मुकुटाचा बिल्ला पुढे केला, तर त्याला सरळ नमस्कार करावा.

बिल्ल्याची पाठही पाहावी. ठशाखाली दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या रेषा रेखीव असतात. त्याचाच साचा घेऊन ओतलेली नक्कल बोथट असते, तिच्यावर बारीक खळगे दिसतात आणि ती मापालाही किंचित लहान भरते. कापडी चिन्ह असेल तर त्याखालचे कापड पाहावे. वर्षानुवर्षे झाकलेली जागा गडद राहते, भोवतालचे कापड उन्हाने आणि धुण्याने विटते. काहीजण अतिनील दिव्याखाली दोरा चमकला की तो नवा ठरवतात. पण जुना कोट घरच्यांनी हल्लीच्या पावडरीत एकदा जरी धुतला, तरी तोही चमकतो. एका खुणेवर निकाल देऊ नये, तो यासाठी.

आणि आता माझे मत. अशा वस्तूंचे नुकसान लबाड विक्रेते करतात तितकेच आपण घरची माणसेही करतो, तेही प्रेमापोटी. उणे दिसले की आपण भरून काढतो. पितळ काळवंडले की चिंच लावून घासतो. दंडावरच्या दोन फितींची गडद खूण झाकून तिथे तीन फिती शिवतो आणि नाईक राहिलेल्या आजोबांना हवालदार करून टाकतो. त्यात त्यांचा मान वाढत नाही, त्यांनी खरोखर जे केले त्याचा पुरावा तेवढा पुसला जातो. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतून गेलेल्या या माणसांविषयी छापलेले फार थोडे सापडते. पुष्कळ घरांत ही ट्रंक हेच एक पुस्तक असते. त्याचे फाटलेले पान दुसऱ्याच पुस्तकातून आणून चिकटवायचे नसते.

नवा बिल्ला ठेवायचाच असेल तर शेजारी वेगळा ठेवावा आणि ‘नंतर विकत घेतला’ अशी चिठ्ठी लावावी. कोटासोबत एका कागदावर आजोबांचे नाव, पलटण आणि थोरांना आठवते ते सगळे लिहून ठेवावे. आठवण सांगणारी माणसे आहेत तोवरच हे करायला हवे.

आमच्या स्नेह्यांनी अखेर तो बिल्ला उतरवला. त्याखाली दोन जुनी छिद्रे होती, नव्या बिल्ल्याच्या छिद्रांशी न जुळणारी. त्या लेकीने त्यांवरून बोट फिरवले आणि टोपी मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. बिल्ला नसलेली ती टोपी आता खऱ्या अर्थाने तिच्या बापाची होती.