'कर्मचारी' या शब्दाचा अर्थ

एका शब्दाचे दोन वाचकांनी दोन अर्थ लावले, तर साहित्याच्या वर्गात आपण त्याचे स्वागतच करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने 'कर्मचारी' या शब्दाचे जे केले, त्याचे स्वागत करणे मात्र आम्हांस जड जाते.

खाजगी विद्यापीठात शिकता शिकता तास घेणारे, उत्तरपत्रिका तपासणारे विद्यार्थी कर्मचारी ठरतात काय? ठरले, तरच त्यांना संघटना करून वाटाघाटींचा हक्क मिळतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात २००० साली मंडळ 'होय' म्हणाले. ब्राऊनच्या प्रकरणात २००४ साली 'नाही'. कोलंबियाच्या प्रकरणात २०१६ साली पुन्हा 'होय'. कायद्यातील व्याख्या या काळात काना-मात्रेनेही बदलली नव्हती. बदलले ते राष्ट्राध्यक्ष : क्लिंटन, बुश, ओबामा. पुढे ट्रम्प यांच्या कारकिर्दीत, २०१८ साली, येल आणि शिकागो येथील विद्यार्थ्यांच्या संघटनांनी आपले अर्ज स्वतःहूनच मागे घेतले. या मंडळासमोर हरलो तर सगळ्यांचाच हक्क जाईल, ही धास्ती!

मंडळात पाच सदस्य. मुदत पाच वर्षांची, दरवर्षी एकाची संपणारी. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देते. तीन जागा सत्तापक्षाकडे, दोन विरोधकांकडे, हा निव्वळ संकेत. अशा मंडळाकडून निर्विकार तटस्थतेची अपेक्षा भाबडीच म्हणावी लागेल. (निर्विकार समीक्षक तरी कोणी पाहिला आहे?) परंतु कल असलेला वाचक आणि खुर्ची जाईल या भयाने वाचणारा वाचक यांत आम्ही भेद करतो. १९३५ च्या कायद्याने तो भेद ओळखला होता : कर्तव्यात कसूर वा पदाचा गैरवापर असेल तरच, तेही नोटीस व सुनावणीनंतर, सदस्याला काढता येईल.

२७ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी ग्विन विल्कॉक्स यांना यांपैकी काहीही न करता काढले. त्यांची मुदत २०२८ पर्यंत होती. मंडळात दोघेच उरले, आणि दोघांच्या मंडळाला निकाल देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच ठरवले होते. न्यायालयाच्या आदेशाने विल्कॉक्स परतल्या ते थोडे दिवस सोडले, तर डिसेंबर २०२५ मध्ये सिनेटने नवे सदस्य मंजूर करीपर्यंत मंडळ मुकेच होते. प्रादेशिक कार्यालये संघटनांसाठी मतदान घेत राहिली. पण हरलेल्या मालकाने मंडळाकडे फेरविचार मागितला, की जिंकलेल्या कामगारांची वाटाघाट तिथेच अडकून पडे.