पैनगंगेच्या दोन्ही काठांनी एका टेबलावर बसावं



वाशिमहून हिंगोलीकडे निघालं की पैनगंगेच्या पलीकडे कनेरगाव नाका लागतो. एकेकाळी ही नदी म्हणजे वऱ्हाड आणि निजामाच्या राज्याची हद्द. निजाम गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला, पण कारभारातला नाका काही उठला नाही. अलीकडे अमरावती विभाग, पलीकडे छत्रपती संभाजीनगर.

कयाधूचंच घ्या. उगम आपल्या रिसोड तालुक्यात, वाहते मात्र बहुतेक हिंगोली जिल्ह्यातून. उगमाकडे पाणी अडवलं, जिरवलं तर फायदा खालच्या विहिरींनाही. मग खर्च कोणत्या जिल्ह्याने करायचा? पैनगंगेवर आपल्याकडे बॅरेजेस झाले, खाली इसापूर धरण. वर पाणी अडलं की खालचा शेतकरी विचारणारच. पावसाळ्यात न सांगता दारं उघडली तर काठची जमीन खरडून जाणार. दोघांचंही म्हणणं खरं आहे, पण ऐकायला एक जागा नाही.

युरोपात फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा लढले. तरी १९५१ मध्ये सहा देशांनी आधी फक्त कोळसा आणि पोलाद एका मंडळाखाली आणलं. १९५८ मध्ये जर्मनी-नेदरलँड्सच्या हद्दीवरच्या गावांनी 'युरेजिओ' काढलं, रोजचे प्रश्न मिळून सोडवायला. आजचं युरोपियन युनियन असल्याच लहान कामांवर उभं राहिलं.

लांब कशाला जायचं? हीच पैनगंगा पुढे तेलंगणाच्या हद्दीवरून वाहते. तिथल्या चनाखा-कोरटा बॅरेजसाठी २३ ऑगस्ट २०१६ ला मुंबईत दोन राज्यांचा करार झाला. दोन राज्यांना जमलं, मग एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांना का जमू नये?

कोणी म्हणेल, विदर्भाच्या अनुशेषाचं काय? तो मागूच, सोडायचा नाहीच. पण निधीचा हिशोब वेगळा आणि नदीचा वेगळा. निधी विभागवार वाटता येतो, पूर नाही.

मागणी साधी आहे. वाशिम-हिंगोलीच्या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांची, जलसंपदा विभागाची आणि काठच्या सरपंचांची एक कायम समिती करा. वर्षात दोन बैठका: पावसाळ्याआधी दारं उघडण्याच्या सूचनेसाठी, रब्बीआधी पाण्याच्या हिशोबासाठी. पहिलं काम कयाधूच्या उगमाचं, खर्च दोघांत.

काठच्या गावांनो, पुढच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. अलीकडेही आणि पलीकडेही. पटलं तर हिंगोलीच्या सोयऱ्यांना पाठवा.