मथळ्यातून गाळलेला उंदीर

गेल्या महिन्यात गावातले एक निवृत्त गुरुजी ऑफिसला आले. खिशातून पेपरचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. 'प्रोस्टेटचा कॅन्सर आता बरा होणार!' बातमी दोन वर्षांपूर्वीची, मथळा माझाच.

गुरुजींना लघवीचा त्रास. पीएसए वाढलेलं. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितलेली, ती चार महिने लांबवलेली. का? "तुम्हीच छापलंय ना, त्या अर्काने गाठ कमी होते म्हणून. तोच घेतोय."

बातमी पुन्हा वाचली. सहाव्या ओळीत लिहिलं होतं, प्रयोग उंदरांवर. मथळ्यात जागा नव्हती म्हणून उंदीर गाळला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे जागा होती. उंदीर ठेवला असता तर बातमी कुणी वाचली नसती.

त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. पहिली गोष्ट कळली ती ही, की उंदराला हा कॅन्सर आपणहून सहसा होतच नाही. तो घडवावा लागतो. १९९५ साली अमेरिकेत 'ट्रॅम्प' नावाचा उंदीर तयार झाला. त्याच्या प्रोस्टेटमध्ये एका विषाणूचं जनुक काम करेल अशी सोय केलेली. काही महिन्यांत गाठ हजर. माणसात हेच व्हायला अनेक वर्षं जातात. माणसाचा हा कॅन्सर पसरला की बहुतेक वेळा हाडं धरतो, उंदरात तसं क्वचितच होतं. ग्रंथीची रचनाही वेगळी. म्हणजे उंदरात जमलं ते गुरुजींच्या अंगात जमेलच, असं नाही.

मग हे प्रयोग फुकट का? अजिबात नाही. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्यांच्या प्रोस्टेटचा अभ्यास केला. ही ग्रंथी पुरुषी हार्मोनवर पोसली जाते, हे त्यातून स्पष्ट झालं. पण ते तिथेच थांबले नाहीत. हार्मोन तोडल्यावर आजार मागे हटतो का, हे त्यांनी रुग्णांमध्ये तपासलं आणि १९४१ मध्ये निष्कर्ष मांडले. १९६६ ला नोबेल मिळालं. आज या रुग्णांना हार्मोन थांबवणारी जी इंजेक्शनं देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. त्या मुक्या जनावरांचं हे देणं आपण विसरू नये.

आणि माणसांत तपासणं का गरजेचं, तेही बघा. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई घेतलं की हा कॅन्सर टळेल, अशी आशा आधीच्या अभ्यासांतून वाटत होती. अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर चाचणी झाली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ ला कळलं, नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त! औषध सोडा, साध्या व्हिटॅमिनच्या गोळीची ही गत.

शास्त्रज्ञ आपल्या निबंधात 'उंदरांमध्ये' हा शब्द लिहितात. तो गाळतो आपण. आधी एजन्सी, मग माझ्यासारखा उपसंपादक, मग व्हॉट्सॲपवरचा काका. आणि शेवटी अर्काची बाटली विकणारा.

म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय. प्रयोग कुणावर झाला हे यापुढे मथळ्यात येणार. बातमी कमी वाचली गेली तरी चालेल. तुम्हीही असा फॉरवर्ड आला की एवढंच विचारा, 'माणसावर तपासलंय का? किती जणांवर?' उत्तर नसेल तर पुढे ढकलू नका. आणि पन्नाशी-साठी ओलांडलेल्या घरच्या माणसाला लघवीचा त्रास असेल तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या. प्रत्येक त्रास कॅन्सरच असतो असं नाही, पण ते तपासल्यावरच कळतं.

गुरुजींची बायोप्सी परवा झाली. सोबत मी गेलो होतो. रिपोर्ट यायचाय.

ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.