भोंगा वाजला तर?

मैत्रिणींनो, आज एक साधा प्रश्न विचारते. आपल्या गावातल्या बर्फाच्या कारखान्यात बर्फ कशाने होतो? आमच्या भिशीत मी हाच प्रश्न विचारला, तर चौघीजणींनी एका सुरात सांगितलं, "विजेने!" वीज लागतेच, पण पाणी गोठवण्याचं खरं काम बहुतेक ठिकाणी अमोनिया वायू करतो. दुधाच्या शीतकरण केंद्रातही पुष्कळदा तोच असतो. गावाला पाणी पुरवणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची सिलिंडरं असतात. आणि आपल्या बायपासवरून रोज किती टँकर जातात, त्यांत काय काय असतं, ते आपण कधी मोजलेलं नाही.

केमिकलचा अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंबिवली, महाड, तारापूर येतं. आपल्याकडे कुठे एमआयडीसी आहे, असं म्हणून आपण पान उलटतो. पण अमोनिया आणि क्लोरीन एमआयडीसीची पाटी बघून फुटत नाहीत. मुंबईत शिवडीला जुलै २०१० मध्ये क्लोरीन गळला, तो काही चालू कारखान्यातून नव्हे. बंदराच्या आवारात वर्षानुवर्षं बेवारस पडून राहिलेल्या सिलिंडरमधून गळला आणि कितीतरी लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. तसं एखादं गंजलेलं सिलिंडर आपल्या पाण्याच्या टाकीखाली पडलेलं नाही ना, हे बघायला फार शिक्षण लागत नाही.

क्लोरीन काय चीज आहे याची चुणूक तर घरातच मिळते. मोरी झटपट स्वच्छ व्हावी म्हणून काहीजणी ब्लीचिंग पावडरवर ऍसिड ओततात. मग नाकात झिणझिण्या येतात, छाती भरून येते आणि आपण बाहेर पळतो. तो क्लोरीनच असतो, बरं का! (हे दोन्ही कधीही एकत्र करू नका, हे जाता जाता सांगून ठेवते.) चिमूटभर पावडरचा हा प्रताप, तर नऊशे किलोच्या सिलिंडरचा काय असेल?

भोपाळची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट नावाचा विषारी वायू सुटला, चाळीस टनांच्या आसपास. हजारो माणसं मेली आणि पाच लाखांहून अधिक लोकांना बाधा झाली. हे सगळं माहीत असतं. पण मला या गोष्टीतलं वेगळंच काही छळतं. त्या रात्री वस्तीतल्या बायका मिरच्यांची धुरी घरात भरल्यासारखं वाटून जाग्या झाल्या. लेकरं उचलली आणि वाट फुटेल तिकडे धावल्या. कित्येकजणी वायू ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने धावल्या. धावताना श्वास जोरात चालतो, म्हणजे विषही जास्त आत जातं. वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारा, त्यामुळे बुटक्या लेकरांच्या नाकातोंडात तो आधी शिरला. तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याला आडवे निघा, एवढी दोन वाक्यं त्यांना आधी कुणी सांगितली असती तर? कारखान्याचा बाहेरच्यांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. तो पुन्हा वाजला तोवर वायू वस्तीत पसरलेला होता. हमीदिया रुग्णालयात रांगा लागल्या तेव्हा डॉक्टरांनाही कळेना, हा वायू कोणता आणि त्यावर औषध काय.

म्हणजे विष तर होतंच, पण त्याच्या जोडीला न सांगणं होतं. आणि ते न सांगणं आजही चालू आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा झाला नाही असं नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायदा बदलला. धोकादायक कारखान्याने कामगारांनाच नव्हे, तर आसपास राहणाऱ्या लोकांनाही धोक्याची माहिती द्यावी, असं त्यात आलं. १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले. मोठा साठा करणाऱ्या कारखान्याने कुंपणाबाहेरच्या माणसांना धोका कसला आहे, अपघात झाला तर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आधी कळवायचं आहे. स्वतः कळवा नाहीतर जिल्हा प्रशासनामार्फत, पण कळवा. कुंपणाबाहेरच्या आपत्तीचा आराखडा करायचा आणि वर्षातून निदान एकदा त्याची रंगीत तालीमही घ्यायची. जगभरातही याच सुमाराला जाग आली. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'अपेल' नावाची पद्धत मांडली. कारखाना, सरकारी अधिकारी आणि गावातली माणसं यांनी एका टेबलाशी बसून तयारी करायची, हे तिचं सार.

आता प्रत्यक्ष काय होतं? अशी एक रंगीत तालीम मी पाहिली आहे. कंपनीच्या फाटकासमोर मांडव, पाहुण्यांचे हारतुरे, अग्निशमनच्या गाडीने उडवलेले फवारे, स्ट्रेचरवरून नेलेला एक ठणठणीत 'जखमी', मग चहा आणि फोटो. सकाळी अकराची वेळ. फाटकापासून हाकेच्या अंतरावर वस्ती आहे, तिथल्या बायका नळावर होत्या. एकीला विचारलं, भोंगा ऐकलात का? म्हणाली, "ऐकला की. पाळी सुटली असंल." बोलून चालून ती तालीम तिच्यासाठीच होती ना?

कारण खरोखर अपघात झाला तर घरात कोण असतं? दुपारी दोनला आपल्या आळीत डोकावून बघा. स्वयंपाक आवरून टेकलेली सून, अंथरुणाला खिळलेले सासरे, पाळण्यातलं बाळ आणि गोठ्यातली म्हैस. पुरुषमंडळी कामावर. कंपनीतल्या माणसाला हेल्मेट असतं, मुखवटा असतं, शिडीवरून कुठे उतरायचं ते शिकवलेलं असतं. तिला काहीच नसतं. म्हणून ही पुढची माहिती सगळ्यात आधी तिला हवी.

वायूचा उग्र वास आला, डोळे चुरचुरू लागले, तर आधी वारा बघा. दोरीवर वाळत घातलेली साडी कुठे फडफडतेय, चुलीचा धूर कुठे चाललाय, एवढं बघायला क्षणभर पुरतो. बाहेर निघायला वेळ असेल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, वायूच्या पुढे पुढे धावायचं नाही. ढग अंगावर आलाच असेल तर घरात थांबणं बरं. दारं-खिडक्या लावा, पंखा, कूलर, एक्झॉस्ट बंद करा, फटींना ओली फडकी लावा, नाकातोंडावर ओला पदर घट्ट धरा. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड आहे, तो खोलगट जागेत साचतो, म्हणून माडी असेल तर वर जा. अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका, पण गळतो तेव्हा थंडगार धुक्यासारखा जमिनीलगतही रेंगाळतो, आणि त्याचा पहिला घाव डोळ्यांवर. डोळ्यांवर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी मारत राहायचं. चोळायचं नाही. वास स्वयंपाकाच्या गॅसचा असेल तर गोष्ट उलटी. तेव्हा कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, दारं उघडायची आणि बाहेर पडायचं.

अंगावर रसायन उडालं तर कपडे तिथल्या तिथे उतरवून भरपूर पाण्याने अंग धुवावं लागतं. इथे आपल्या बायका मार खातात. चारचौघांत साडी कशी सोडायची? आणि रसायन भिजलेल्या कपड्यातून कातडीत मुरत राहतं. शेजारणींनी चादरीचा आडोसा धरावा, पण थांबू नये. ही गोष्ट तालमीत कुणी दाखवत नाही, कारण तालीम ठरवणाऱ्यांत बाई नसते.

स्फोटाचा आवाज आला तर आपण सगळ्या काय करतो? खिडकीशी धावतो! नेमकं तेच करू नका. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात आधी आग लागली, धूर दिसला, लोक खिडक्यांत आणि गच्च्यांवर उभे राहून बघत होते. मग मोठा स्फोट झाला आणि काचांनी असंख्य माणसं जखमी झाली, कितीकांचे डोळे गेले. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ अशा दोन्ही स्फोटांत लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. आवाज ऐकला की काचेपासून दूर, आतल्या खोलीत भिंतीच्या आडोशाला.

आणि उलटलेल्या टँकरपाशी बादली घेऊन जाणं? आपल्याकडे ही फार वाईट खोड आहे. पाकिस्तानात बहावलपूर भागात जून २०१७ मध्ये सांडलेलं पेट्रोल भरायला गेलेली दोनशेहून अधिक माणसं भडक्यात गेली. त्यांत बायका-मुलंही होती. टँकरवर केशरी पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. जवळ जाऊन वाचायचा नाही. पण लांबून दिसलाच, तर ११२ ला फोन करताना तेवढा सांगा. अग्निशमनवाल्यांना तयारीने येता येतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. भोंगा वाजला की आई आधी कुठे धावते? शाळेकडे. मला समजतं ते, मीही आईच आहे. पण वायू पसरलेला असताना रस्त्यावर धावणारी आई स्वतः पडते, शाळेच्या फाटकाशी गर्दी होते, रुग्णवाहिका अडते. आणि दार उघडलं की आत सुरक्षित बसलेल्या पोरांपर्यंत वायू पोचतो. पक्क्या इमारतीत, खिडक्या लावून बसलेलं मूल आपल्या कडेवर धावणाऱ्या मुलापेक्षा बहुधा जास्त सुरक्षित असतं. पण शाळा हे करील असा भरवसा असेल तरच आईचे पाय घरात थांबतील ना? तो भरवसा जून महिन्यातल्या पालकसभेत मिळवायचा असतो. गॅस सुटला तर पोरांना कुठल्या खोलीत नेणार, खिडक्या नीट लागतात का, आम्हाला निरोप कसा देणार, हे मुख्याध्यापकांना त्या दिवशी विचारा. गणवेशाच्या रंगावर आपण अर्धा तास भांडतो, त्यातली दहा मिनिटं याला द्या.

१९९६ च्या नियमांत एक फार कामाची तरतूद आहे, तिच्याकडे कुणाचं लक्षच नाही. मोठे धोकादायक कारखाने असलेल्या पट्ट्यात स्थानिक आपत्ती गट असायला हवा. त्याचे अध्यक्ष प्रांतसाहेब, सचिव कारखाना निरीक्षक. त्यात पोलीस, अग्निशमन अधिकारी, डॉक्टर, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक असतात. शिवाय सरपंच किंवा गावातलं पुढारी माणूस, एका स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि दोन समाजकार्यकर्ते. गटाने दर महिन्याला बसायचं आहे, आसपासच्या लोकांना शिकवायचं आहे आणि कुणी मागितली तर माहितीही द्यायची आहे. आता महाराष्ट्रात निम्म्या सरपंचपदांवर बायका आहेत. त्या गटात खुर्चीवर कोण बसतं, सरपंचबाई की त्यांचे 'साहेब', हे ज्याचं त्याने तपासावं!

रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला ही नावं ऐकली आहेत? भोपाळच्या, वायूने घरं उद्ध्वस्त केलेल्या, साध्या कष्टकरी बायका. कंपनीला जाब विचारत दिल्लीपर्यंत गेल्या, परदेशातही गेल्या. २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि त्या पैशांतून त्यांनी वायुग्रस्तांच्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला. पण त्यांना प्रश्न विचारायला लागले ते सगळं होऊन गेल्यावर. आपल्याला ते आधी विचारता येतात.

एक अडचण मात्र सांगायला हवी. हे सगळे नियम साठा मोठा असेल तरच पूर्ण लागू होतात. गावातला छोटा बर्फ कारखाना, नगरपालिकेची पाण्याची टाकी बहुधा त्या यादीत बसतच नाहीत. म्हणजे आराखडा नाही, तालीम नाही, भोंगाही नाही. तिथे विचारायचं काम आपल्याच गटाचं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीनंतर पाच-सहाजणी मिळून बर्फवाल्याकडे जा. अमोनिया किती असतो, गळला तर बंद करणारा माणूस रात्री कुठे झोपतो, मुखवटे किती आहेत, आणि आम्हाला कसं कळवणार, हे विचारा. हेच नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात, क्लोरीनबद्दल. एमआयडीसीजवळ राहत असाल तर धोक्याचा भोंगा आणि 'आता सगळं ठीक' चा भोंगा यांत फरक कसा ओळखायचा, हे कंपनीकडून मराठीत लिहून घ्या. ११२, १०१, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि आपत्ती गटाची पुढची बैठक कधी आहे, हे प्रांत कार्यालयात लेखी विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.