तपासणीचे पैसे घ्या, कूलरचं नाव शेवटी काढा



कॉम्प्युटर असेंबली आणि रिपेअरिंगचा धंदा सुरू करणाऱ्या मुलांकडून दर एप्रिल-मेमध्ये मला एकच प्रश्न येतो. "सर, कस्टमरचा गेमिंग पीसी तापतोय. प्रोसेसर नव्वदला जातोय. कुठला कूलर देऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी तीनशे रुपये घे, मग का तापतोय ते शोध, कूलरचं बघू नंतर. यावर बहुतेक जण गप्प होतात. कारण डोक्यात गणित बसलेलं असतं की चेकिंग फुकट ठेवायचं आणि कमाई पार्टवर करायची. हे गणित नव्या माणसाला बुडवतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जळगावचा एक मुलगा माझ्या बॅचला होता. त्याच्याकडे रायझन ७ ५८००एक्सचं मशीन आलं. गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत ९० डिग्री, मग गेम अडखळायला लागायचा. याने २४० एमएमचा लिक्विड कूलर बसवून दिला, सात हजारांच्या आसपासचा. दुकानात टेबलावर चालवून दाखवलं तर ७४. कस्टमर खूश. संध्याकाळी घरून फोन, परत ९०! दोनदा मशीन दुकानात आलं, दोन्ही वेळा दुकानात ठणठणीत. शेवटी घरी जाऊन बघितलं, तर कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात, मागून प्लायवूड बंद, पुढे दार. मशीन स्वतःचीच गरम हवा परत आत ओढत होतं. सुताराने मागचं प्लाय कापलं, दार काढलं, आणि आकडा ७८ वर आला. कस्टमरने कूलर परत केला, तो वापरलेला म्हणून कमी भावात विकावा लागला. या सगळ्या प्रकरणात मजुरी मिळाली ती एकट्या सुताराला.

हा मुलगा कामात कच्चा नव्हता. त्याने चेकिंग फुकट ठेवलं होतं, म्हणून त्याला काहीतरी विकणं भाग होतं. तपासणीचे पैसे मिळणार नसतील तर तुमचं डोकं कारण शोधत नाही, विकण्यासारखं काय आहे ते शोधतं. आणि पार्टवर तरी सुटतं किती? कस्टमर तुमच्यासमोर उभा राहून मोबाईलवर ऑनलाइन भाव काढतो. तो भाव गाठायचा म्हणजे हातात शे-दोनशे राहतात.

तपासणीचे पैसे घ्यायचे तर तपासणी तशी करता आली पाहिजे. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण व्हिडिओत हे घाईत झालं होतं.

सगळ्यात आधी, हा बिघाड आहे का? रायझन ७००० सिरीज २०२२ साली आली तेव्हाच एएमडीने सांगितलं होतं की जड लोडवर हे प्रोसेसर ९५ डिग्रीपर्यंत जातील आणि ते तसेच बनवलेले आहेत. ५८००एक्सची मर्यादा ९०, ७८००एक्स३डीची ८९, इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरची १००. म्हणजे ७७००एक्सवर सिनेबेंच चालवून ९५ दिसले म्हणून घाबरण्यासारखं काही नाही. तेच ९५ साध्या गेममध्ये किंवा नुसत्या डेस्कटॉपवर दिसत असतील तर मात्र काहीतरी चुकतंय. डेस्कटॉपवर काही न करता तापत असेल तर आधी टास्क मॅनेजर उघडा. क्रॅक केलेल्या गेमसोबत क्रिप्टो मायनर येऊन बसलेला असू शकतो, आणि त्याला कुठलाही कूलर पुरा पडत नाही.

मग बघा, तापमान चढतं कसं. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर चालू ठेवा आणि लोड द्या. दोन-चार सेकंदांत सरळ मर्यादेला जाऊन भिडलं, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरमध्ये पोचतच नाहीये. पेस्ट सुकली आहे, इंटेलच्या डबीसोबतच्या कूलरची चारांपैकी एक पिन नीट बसली नाही, लिक्विड कूलरचा पंप बंद आहे, किंवा (हसू नका) कूलरच्या बुडाची प्लास्टिक फिल्मच काढायची राहिली आहे. दहा-पंधरा मिनिटं घेत हळूहळू चढलं, तर हवेची अडचण: धूळ, उलटा लावलेला फॅन, समोरून बंद काच असलेलं कॅबिनेट, नाहीतर वरचं टेबल. खात्रीसाठी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच लोड परत द्या. आठ-दहा डिग्री उतरले तर हवा, फारसा फरक नाही तर पेस्ट किंवा पकड.

खोलीचं तापमान लिहून घेतल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. खोली जितकी तापते, साधारण तितकंच प्रोसेसरचं तापमान वर सरकतं. २५ डिग्रीच्या एसी खोलीत ७५ दाखवणारं मशीन ४० डिग्रीच्या खोलीत ९० दाखवणार. विदर्भ-खानदेशातल्या मे महिन्यात हे रोजचं आहे. साधा खोलीचा थर्मामीटर घ्या आणि मशीन मागवण्याआधी कस्टमरकडून व्हॉट्सअॅपवर कॅबिनेट जिथे ठेवलंय त्या जागेचा फोटो मागवा. जळगावचं प्रकरण त्या एका फोटोत सुटलं असतं.

पंख्याला आणि पेस्टला हात लावण्याआधी बायोसही बघा. बरेच मदरबोर्ड प्रोसेसरला कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त वीज देतात. आय९ १३९००केची बेस पॉवर १२५ वॅट, वरची मर्यादा २५३ वॅट, आणि काही बोर्ड तीही मोकळी सोडतात. इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनमधल्या क्रॅशच्या तक्रारी २०२४ मध्ये गाजल्या, तेव्हा इंटेलने जास्त व्होल्टेजचं कारण मान्य केलं, बायोस अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असं मशीन आलं तर बायोस अपडेट करून इंटेलची डीफॉल्ट सेटिंग लावा. रायझनमध्ये इको मोड आहे. गेममध्ये फरक सहसा जाणवत नाही, तापमान मात्र चांगलं उतरतं. यात विकायला काहीच नाही. म्हणूनच चेकिंग फुकट ठेवणारा दुकानदार इथपर्यंत पोचत नाही.

आणि "नुसतं उघडून बघा" म्हणजे धोका नाही, असं कोण म्हणतं? मी स्वतः दुकानात बसायचो तेव्हा एका एएम४ मशीनचा कूलर थंड असतानाच सरळ वर ओढला. पेस्ट सुकून गच्च झाली होती. सॉकेट बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर आला, बऱ्याच पिना वाकल्या. सरळ करताना एक तुटली. भरपाई खिशातून. चेकिंग फुकट होतं, नुकसान नव्हतं. तेव्हापासून आधी दहा मिनिटं लोड देऊन मशीन गरम करतो, बंद करून वायर काढतो आणि कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवतो. हे करायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे लागतात.

काही जण सुचवतात की काम केलं तर चेकिंग माफ करावं. मला तेही पटत नाही. तसं केलं की "काही बिघाड नाही" हे सांगणं परत तुम्हालाच महाग पडतं. चेकिंग वेगळं, काम वेगळं. सुरुवातीला काही कस्टमर निघून जातील, हे खोटं सांगणार नाही. पहिले दोन-तीन महिने अंगावर येतात. घरभाडं आणि दुकानभाडं दोन्ही डोक्यावर असेल तर आधी घरातूनच सुरू करा.

पैसे घेताना हातात काहीतरी द्या. अर्ध्या पानाची छापील पावती पुरते: खोलीचं तापमान, कुठला लोड किती मिनिटं दिला, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, सापडलेलं कारण. सोबत स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर. गेमिंग कॅफेवाल्याकडे जाताना याच पावत्यांची फाइल घेऊन जा. वीस मशीनची वर्षातून दोनदा तपासणी आणि धूळ-सफाई, प्रत्येक मशीनमागे ठरलेला दर. मार्चमध्येच बोलून ठेवा, मेमध्ये तो दुसऱ्या कुणाला तरी बोलावून मोकळा झालेला असतो.

"नुसतं बघायचे पण पैसे?" हे ऐकावं लागेलच. मी एवढंच म्हणायचो, "काका, तीनशे रुपयांत कारण सांगतो. खर्च करायची गरज नसेल तर तेही लिहून देतो." बसायचे. चहा सांगायचो.