यादीबाहेरची वाडी

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे सरकारने नंतर विधिमंडळात सांगितले. खुलासा खरा होता, पण त्याने यादीवरचा विश्वास उडाला.

ही यादी सुधारायला आता 'निसार' हाताशी आहे. इस्रो आणि नासाचा हा रडार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. दर 12 दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो, ढगांआडूनही पाहतो आणि जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी टिपू शकतो. पावसाळाभर ढगांत बुडालेल्या सह्याद्रीला हे मोठेच वरदान. शिवाय त्याच्या सुमारे 24 सेंटिमीटर लांबीच्या लहरी झाडोऱ्यातून जमिनीपर्यंत बऱ्यापैकी पोचतात. आखूड लहरींचा तिथे गोंधळ उडतो.

पण आपल्या घाटातल्या कितीतरी दरडी आधी वर्दी देत नाहीत. खडकावरच्या मातीत पाणी मुरते, आतला दाब वाढतो आणि उतार मिनिटांत सुटतो. जुलै 2021 मध्ये तळिये गाव दरडीखाली गाडले गेले, त्याच सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. 12 दिवसांनी फिरकणारा उपग्रह अशा दरडीचा इशारा कसा देणार? त्याच्याकडून दर मे महिन्यात ताजी यादी घ्यावी: कुठला उतार सरकतोय, कुठे रस्त्यासाठी डोंगर नव्याने कापलाय. 'आज रात्री घर सोडा' हे मात्र पर्जन्यमापकावरूनच ठरेल, आणि तोही वाडीच्या माथ्यावर हवा. पायथ्याच्या तालुक्याच्या गावी बसवलेल्या यंत्राला वरचा पाऊस कळत नाही.

पावसाच्या आकड्यावर विसंबले तर खोटे इशारे वाढतील, ही तक्रार रास्त आहे. ऐन लावणीत गुरे मागे ठेवून शाळेच्या खोलीत रात्र काढायची आणि सकाळी डोंगर जागच्या जागी! तिसऱ्या खेपेला कोण उठेल? तरीही खोटा इशारा पत्करावा, असे आमचे मत आहे. फक्त त्याची किंमत वाडीने एकटीने का मोजावी? शिवाय इशारा वेळेत पोचायलाही हवा. 2014 साली माळीण गाव दरडीखाली गाडले गेल्याचे बाहेर कळले, ते सकाळच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही तेव्हा. गावाची खबर बाहेर यायलाच जिथे एसटी लागली, तिथे रात्रीचा हुकूम आत वेळेत पोचेल, हे गृहीत धरता येत नाही. म्हणून ठरलेला पाऊस ओलांडताच तहसीलच्या हुकमाची वाट न पाहता वाडी हलवण्याचा अधिकार पोलीस पाटलाला द्यावा, आणि दरड आली नाही तरी बुडालेली मजुरी त्याच आठवड्यात द्यावी. उपग्रहाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.